मध्यम कांद्याला एक नंबरचा भाव

नगरच्या नेप्ती उपबाजारात कांद्याचा लिलाव ज्यांनी एकदा उभे राहून पाहिला आहे, त्यांना भाव कसा ठरतो हे अर्थशास्त्राच्या पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. व्यापाऱ्यांचा घोळका एका वक्कलावरून दुसऱ्या वक्कलाकडे सरकत असतो. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर, गोल्टी अशी प्रतवारी डोळ्यांनीच होते. आवक दांडगी असली की दोन नंबरच्या कांद्याकडे व्यापारी नाक मुरडून पाहतो. आवक रोडावली, त्यातून दोघा व्यापाऱ्यांना त्याच दिवशी गाडी भरून पाठवायची असली, की तोच दोन नंबर एक नंबरच्या भावाने उचलला जातो. कांदा बदललेला नसतो. शेतकरी खुशीत घरी जातो आणि त्याने जावेच. पण त्या दिवशीची पट्टी दाखवून 'माझा कांदा एक नंबरचा होता' असे तो म्हणू लागला, तर शेजारचा शेतकरी गालातल्या गालात हसतो.

हे कांदापुराण लावण्याचे कारण क्रिकेट आहे. २४ आणि २५ नोव्हेंबर २०२४ रोजी सौदी अरेबियातील जेद्दा येथे आयपीएलचा मोठा लिलाव झाला. प्रत्येक संघाला एकूण १२० कोटी रुपयांची मर्यादा होती. कोलकाता नाइट रायडर्सने आपले सहा खेळाडू आधीच राखून ठेवले होते, त्यामुळे त्यांच्या थैलीत ५१ कोटी उरले होते. त्यातले २३ कोटी ७५ लाख, म्हणजे जवळजवळ निम्मे, त्यांनी व्यंकटेश अय्यर या एका खेळाडूवर खर्च केले. त्याची मूळ किंमत होती २ कोटी. बंगळुरूच्या संघाशी चढाओढ लागली आणि आकडा वर वर चढत गेला. त्याच लिलावात अजिंक्य रहाणेचे नाव प्रथम पुकारले गेले तेव्हा कोणीही हात वर केला नाही. शेवटच्या फेरीत ते पुन्हा आले तेव्हा कोलकात्यानेच त्याला मूळ किमतीला, दीड कोटीला घेतले. पुढे मार्चमध्ये गंमत अशी झाली, की दीड कोटीचा रहाणे कर्णधार ठरला आणि पावणेचोवीस कोटींचा अय्यर उपकर्णधार.

२०२५ च्या त्या हंगामात रहाणेने १३ सामन्यांत ३९० धावा केल्या. अय्यरने ११ सामन्यांत १४२. कोलकाता आदल्या वर्षीचा विजेता होता. तो आठव्या क्रमांकावर घसरला.

रहाणे आमच्या जिल्ह्याचा. संगमनेर तालुक्यातले आश्वी खुर्द हे त्याचे गाव, प्रवरेच्या काठचे. तेव्हा हा लेख गाववाल्याच्या कैवारासाठी लिहिला आहे असा संशय कोणाला आला, तर तो स्वाभाविक आहे. म्हणून आधीच सांगून टाकतो. २०१८ मध्ये राजस्थानने रहाणेला ४ कोटींना आपल्याकडे ठेवले. त्या वर्षी त्याने १५ सामन्यांत ३७० धावा केल्या, पण शंभर चेंडूंमागे ११८ या गतीने. वीस षटकांच्या खेळात ही गती बैलगाडीची म्हणावी लागेल. त्या वर्षी तोही मध्यम मालच होता आणि त्याचेही पैसे जास्तच मोजले गेले. आश्वीचे पाणी प्याल्याने हिशेब बदलत नाही.

आमच्या शेजारी बारावीतला एक मुलगा आहे. आकडेमोडीत हुशार. हंगाम संपल्यावर तो वही घेऊनच आला. "काका, अय्यरची एक धाव पावणेसतरा लाखांना पडली आणि रहाणेची साडेअडतीस हजारांना!" हिशेब बरोबर आहे, मी करून पाहिला. त्या उन्हाळ्यात असे हिशेब गावोगाव झाले असतील. चहाच्या टपरीवर, एसटीत, वॉट्सअ‍ॅपवर. आणि त्यांचा रोख नेहमी त्या खेळाडूवर असतो. जणू तो कोणाच्या घरात शिरून पैसे घेऊन गेला.

मला त्या मुलाला सांगावेसे वाटले ते असे, की अय्यरने ५०० धावा केल्या असत्या तरी एक धाव पावणेपाच लाखांना पडली असती. म्हणजे तो उत्तम खेळला असता तरी हा हिशेब वेडगळच दिसला असता. आणि हा अय्यर काही टाकाऊ खेळाडू नव्हे. २०२४ मध्ये त्याने ३७० धावा केल्या होत्या आणि अंतिम सामन्यात २६ चेंडूंत नाबाद ५२. चांगला, उपयोगी, संघात असावा असा खेळाडू. प्रश्न त्याच्या लायकीचा नाहीच. चांगल्या खेळाडूला अलौकिक खेळाडूचा भाव देणे संघाला परवडते का, एवढाच प्रश्न आहे. माझे उत्तर 'नाही' असे आहे. आणि ते देताना मालकांची बाजू हसण्यावारी नेता येत नाही, हेही मला ठाऊक आहे.

मालक म्हणतात, काही जागाच अशा आहेत की तिथे माणूस मिळत नाही. हे खरे आहे. परदेशी खेळाडू एका वेळी चारच खेळवता येतात. त्यामुळे मधल्या फळीत दणकून खेळणारा आणि थोडी गोलंदाजीही टाकणारा भारतीय, डावखुरा वेगवान भारतीय गोलंदाज, यष्टिरक्षण करून डाव सांभाळणारा भारतीय, या मालाची आवक नेहमीच कमी. जयदेव उनाडकटची गोष्ट आठवते का? २०१८ च्या लिलावात राजस्थानने त्याला साडेअकरा कोटींना घेतले. १५ सामन्यांत त्याला ११ बळी मिळाले. पुढच्या वर्षी त्याला सोडले आणि पुन्हा ८ कोटी ४० लाखांना घेतले. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा सोडले आणि ३ कोटींना घेतले! गिऱ्हाईक तेच, माल तोच. आणि ज्या मोसमात त्याची किंमत ३ कोटींवर आली, त्याच २०१९-२०च्या मोसमात या गृहस्थाने ६७ बळी घेऊन आणि स्वतः नेतृत्व करून सौराष्ट्राला पहिल्यांदा रणजी करंडक मिळवून दिला. त्याचे कौशल्य वाढले होते की घटले होते, हे लिलावाच्या आकड्यांवरून कोणी सांगून दाखवावे.

भारतात डावखुऱ्या वेगवान गोलंदाजाची ही चणचण किती जुनी आहे, हे श्रीरामपूरकरांना सांगायला नको. झहीर खान त्यांच्याच गावचा. त्याच्यासारखा दुसरा सापडावा म्हणून पुढची कित्येक वर्षे शोध चालू राहिला, आणि त्या शोधातच मध्यम मालाचे भाव कडाडले. योगायोग असा, की २०२५ मध्ये हाच झहीर लखनौ संघाचा मार्गदर्शक होता आणि त्याच्या संघाने ऋषभ पंतला २७ कोटींना, आजवरच्या सर्वाधिक बोलीला घेतले होते. पंतने शेवटच्या सामन्यात नाबाद ११८ धावा ठोकल्या, तरी त्याच्या संपूर्ण हंगामाची बेरीज २६९ च झाली. पंत मध्यम नव्हे. त्याच्यावर लावलेला पैसा मी एक वेळ समजू शकतो. सामना एकट्याने फिरवणारा माणूस चार दिवस वाईट खेळला तरी पाचव्या दिवशी वसूल करून देतो. दोन नंबरच्या मालात ती शक्यताच कमी असते. तो बरा खेळला तरी बराच खेळणार.

हा रोग आपल्याकडचाच आहे असे मात्र नाही. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, तो अंडाकृती चेंडूचा धसमुसळा खेळ आपल्याकडे कोणी फारसा पाहत नाही. त्यात क्वार्टरबॅक नावाची एक जागा असते. प्रत्येक चढाईत चेंडू प्रथम त्याच्या हातात येतो आणि तो कुठे फेकायचा हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचे. संघ ३२, आणि खरोखर थोर क्वार्टरबॅक एका वेळी पाच-सहा. उरलेल्या सव्वीस-सत्तावीस संघांनी काय करायचे? ते घाबरतात. हातातला गेला तर याहून वाईट माणूस मिळेल, या भीतीने ते मध्यम माणसालाच थोर माणसाचा पगार देतात. तिथेही संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आहे. २०२४ मध्ये ती २५ कोटी ५४ लाख डॉलर होती. म्हणजे एकाला जास्त दिले की ते दुसऱ्या कोणाच्या तरी ताटातून काढावे लागते.

न्यूयॉर्क जायंट्सने मार्च २०२३ मध्ये डॅनियल जोन्सशी चार वर्षांचा १६ कोटी डॉलरचा करार केला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याला निरोप दिला. अटलांटाने मार्च २०२४ मध्ये कर्क कझिन्सशी चार वर्षांसाठी १८ कोटी डॉलरपर्यंतचा करार केला आणि डिसेंबरमध्ये त्याला बाकावर बसवले. पण या प्रकरणाचा खरा अर्थ जोन्सच्या पुढच्या वर्षात आहे. २०२५ साठी इंडियानापोलिसने त्याला एकाच वर्षाच्या, सुमारे १ कोटी ४० लाख डॉलरच्या कराराने घेतले. संघाने पहिल्या दहा सामन्यांपैकी आठ जिंकले. पुढे डिसेंबरमध्ये बिचाऱ्याच्या टाचेची शीर तुटली, तो भाग वेगळा. माणूस तोच, पण त्याच्यावर कमी खर्च झाला की त्याच्या आजूबाजूला चांगली माणसे उभी करायला पैसे उरतात, आणि मग तोच मध्यम माणूस साजरा दिसतो.

याच्या उलट उदाहरण ब्रॉक पर्डी नावाच्या पोराचे. २०२२ च्या निवडीत २६२ खेळाडू घेतले गेले, त्यात हा अगदी शेवटचा. पगार तिथल्या मानाने चिल्लर. त्याने संघाला फेब्रुवारी २०२४ मध्ये अंतिम सामन्यापर्यंत नेले. आपल्याकडे ऋतुराज गायकवाड असाच २० लाखांच्या बोलीला चेन्नईकडे गेला होता. २०२१ मध्ये त्याने ६३५ धावा केल्या, स्पर्धेत सर्वाधिक, आणि चेन्नई जिंकली. स्वस्तातला एक माणूस महागाचे काम करू लागला की थैलीत केवढी जागा मोकळी होते!

यावर कोणी म्हणेल, पर्डी आणि ऋतुराज ही लॉटरी झाली. मान्य. एका ऋतुराजमागे वीस लाखांचे कितीतरी खेळाडू कोणाच्या लक्षातही न राहता गेले. पण स्वस्तातला माणूस चालला नाही तर पुढच्या रविवारी दुसऱ्याला संधी देता येते. महागाचा मध्यम माणूस चालला नाही तर त्याला बसवायला कोणाचा धीर होत नाही. पैसे मोजले आहेत ना! पंजाबने डिसेंबर २०२२ मध्ये सॅम करनला साडेअठरा कोटींना घेतले. तोपर्यंतची ती सर्वांत मोठी बोली. महिनाभरापूर्वीच तो विश्वचषकातला सर्वोत्तम खेळाडू ठरला होता, त्या ताज्या वाफेवर हा भाव फुटला. २०२३ मध्ये २७६ धावा आणि १० बळी, संघ आठवा. पुढच्या वर्षी पंजाबने त्याला त्याच किमतीला ठेवले, संघ नववा. नोव्हेंबर २०२४ मध्ये हाच करन २ कोटी ४० लाखांना चेन्नईकडे गेला. आपल्याकडे लग्नात घेतलेला महागाचा सोफा बसायला टोचत असला तरी वीस वर्षे कोणी बाहेर काढत नाही, त्यातलाच हा प्रकार.

डिसेंबर २०२२ च्या त्याच लिलावात चेन्नईने रहाणेला ५० लाखांना घेतले होते. वानखेडेवर मुंबईविरुद्ध पहिल्याच सामन्यात त्याने २७ चेंडूंत ६१ धावा केल्या. हंगामात ३२६ धावा, शंभर चेंडूंमागे १७२ च्या गतीने. चेन्नई जिंकली. २०१८ चा बैलगाडीवाला तो हाच का, असे वाटावे. जूनमध्ये कसोटी विश्वविजेतेपदाच्या अंतिम सामन्यासाठी त्याला पुन्हा भारतीय संघात बोलावले गेले आणि ओव्हलवर त्याने ८९ आणि ४६ धावा केल्या. ५० लाखांच्या माणसाकडून कोणाच्या अपेक्षा नव्हत्या, म्हणून तो मोकळेपणाने खेळला, असे म्हणण्याचा मोह होतो. त्यात तथ्य असेलही. पण माझ्या मते चेन्नईचा शहाणपणा अधिक मोठा. त्यांना माहीत होते की हा माणूस काय करू शकतो आणि काय नाही, आणि त्यांनी तेवढेच पैसे मोजले.

मग खेळाडूने काय करावे? समोर आलेले पावणेचोवीस कोटी नाकारावेत काय? छे! खेळाडूची कमाईची वर्षे दहा-बारा. एक गुडघा, एक खांदा, आणि संपले. शिवाय ही रक्कम आली कुठून? २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटींना विकले गेले. ज्यांना पाहण्यासाठी एवढा पैसा लोटला, त्यांच्या पदरात त्यातला काही भाग पडला तर पोटात दुखण्याचे कारण नाही. रणजीत ४० हून अधिक सामने खेळलेल्या माणसालाही, २०२१ मध्ये वाढवलेल्या दराने, दिवसाला ६० हजार मिळतात. ती रक्कम तुमच्याआमच्या मानाने मोठी असली तरी, वर्षाकाठी असे दिवस किती भरतात ते मोजून पाहावे.

मात्र एक गोष्ट मनात आल्यावाचून राहत नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची माणसे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला बाहेर पडतात तेव्हा मुकादमाकडून उचल घेतात. तीही कामाआधी मिळालेली रक्कमच. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पावसाने, आजारपणाने, बाळंतपणाने तोड कमी झाली तर उचल फिटत नाही, ती पुढच्या हंगामाच्या डोक्यावर बसते. क्रिकेटच्या करारात खेळाडू खेळायला हजर असला की धावा शंभर होवोत नाहीतर चारशे, रक्कम त्याची. जोखीम मालकाची. मला यात क्रिकेटपटूचा राग येत नाही. उलट कराराची खरी रीत हीच असे वाटते. ती फक्त जेद्दाच्या वातानुकूलित दालनापुरतीच का, हा प्रश्न आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला पडणारच.

कोणी सुचवतात, की कामगिरीप्रमाणे पैसे द्या. जत्रेतल्या कुस्तीसारखे. शेवटच्या कुस्तीचे इनाम आधी जाहीर होते, पण मिळते ते निकाल लागल्यावर. कुस्ती बरोबरीत सुटली तर इनामाची वाटणी. कल्पना आकर्षक आहे, पण क्रिकेटला लावू नये. मल्ल एकटा लढतो. संघातल्या फलंदाजाला धावांमागे पैसे द्यायला लागलात तर अठराव्या षटकात स्वतःची विकेट फेकून संघासाठी उडवाउडवी कोण करील? चाळीसवर नाबाद राहणे फायद्याचे ठरेल.

त्यापेक्षा एक उपाय नियामकांनीच अर्धामुर्धा केलेला आहे. दरवर्षीच्या छोट्या लिलावात परदेशी खेळाडूवर बोली कितीही लागो, त्याच्या हाती जास्तीत जास्त १८ कोटीच पडतील असा नियम आहे. डिसेंबर २०२५ मध्ये कोलकात्याने, होय, पुन्हा कोलकात्यानेच, कॅमेरून ग्रीनवर २५ कोटी २० लाखांची बोली लावली. त्याला १८ कोटी. उरलेले ७ कोटी २० लाख नियामक मंडळाच्या खेळाडू कल्याणासाठी. हा नियम भारतीयांना नाही. तो लावावा, असे माझे म्हणणे आहे. याने मध्यम खेळाडूला जास्त भाव मिळायचा थांबेल असे नव्हे. १८ कोटींचा मध्यम माणूस दर वर्षी सापडेलच. पण दोन श्रीमंतांच्या इरेतून जो शेवटचा फुगा फुगतो, त्यातली हवा तरी कुठे तरी कामी येईल. २०२४ च्या लिलावात पंत, श्रेयस अय्यर आणि व्यंकटेश अय्यर या तिघांवर १८ कोटींच्या वर लागलेली रक्कम मोजा: ९ कोटी, ८ कोटी ७५ लाख, ५ कोटी ७५ लाख. एकूण साडेतेवीस कोटी.

ते कुठे जावेत, हेही सांगतो. झहीर काय किंवा रहाणे काय, दोघांचेही क्रिकेट जिल्ह्याबाहेर घडले. एक श्रीरामपूर सोडून मुंबईला गेला, दुसरा डोंबिवलीत वाढला. नगर जिल्ह्यात चौदा तालुके आहेत. त्या प्रत्येक तालुक्याच्या गावी एक बरी खेळपट्टी, तिच्यावर पाणी मारायला एक माणूस आणि मुलांना चेंडू कसा सोडावा हे शिकवणारा एक प्रशिक्षक, एवढे उभे करायला साडेतेवीस कोटी पुरून उरतील.

व्यंकटेश अय्यरला त्याच डिसेंबरच्या लिलावात बंगळुरूने ७ कोटींना घेतले. शेजारचा मुलगा पुन्हा वही घेऊन आला होता, या खेपेला दर किती पडेल ते विचारायला. त्याला म्हटले, आधी खेळू तर दे.